श्वास देणारे हात

डेन्मार्क हा उत्तर युरोपातील एक लहानसा देश. कोपनहेगन ही त्याची राजधानी. १९५२ सालच्या उन्हाळ्यात या शहरात बालपक्षाघाताची, म्हणजेच पोलिओची, भयंकर साथ आली. पोलिओचा विषाणू अन्नपाण्याबरोबर किंवा अस्वच्छ हातांवाटे पोटात जातो. पुष्कळांना त्याची बाधा झाल्याचे कळतही नाही. कोणाला चार दिवस ताप येतो आणि उतरतो. परंतु काही थोड्या रोग्यांच्या बाबतीत हा विषाणू मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या पेशींचाच नाश करतो. आज्ञा देणारा नाहीसा झाला, की आज्ञा पाळणाराही निकामी होतो. स्नायू जागच्या जागी असतो, पण हलत नाही. म्हणून पाय लुळा पडतो, हात लुळा पडतो.

कोपनहेगनच्या साथीत याहून भयंकर गोष्ट घडू लागली. अनेक रोग्यांचे केवळ हातपायच नव्हे, तर श्वासोच्छ्वासाचे स्नायूही लुळे पडले. शहरातील ब्लेगडाम रुग्णालय हे सांसर्गिक रोगांवर उपचार करणारे रुग्णालय होते. साथ ऐन भरात असताना तेथे एकेका दिवशी पन्नासपर्यंत रोगी दाखल होत आणि त्यांत मुलांची संख्या मोठी असे. अशा रोग्यांसाठी रुग्णालयाजवळ ‘लोखंडी फुप्फुस’ नावाचे एकच मोठे यंत्र होते. छातीवर बसवण्याची लहान यंत्रे सहा होती. त्यांचाही म्हणावा तसा उपयोग होईना. पहिल्या तीन आठवड्यांत ज्यांना श्वास घेणे किंवा गिळणे अशक्य झाले, अशा ३१ रोग्यांपैकी २७ दगावले.

रुग्णालयाचे प्रमुख डॉ. लासेन हे अनुभवी वैद्य होते; पण तेही हवालदिल झाले. रोग्यांना प्राणवायू दिला जात होता. त्यामुळे पुष्कळांच्या अंगावर निळसर छटा न दिसता त्यांची कांती गुलाबी राही. तरीही काही वेळाने त्यांचे अंग घामाने निथळू लागे, रक्तदाब चढे, शुद्ध हरपे आणि मृत्यू ओढवे. विषाणूने मेंदूवरच घाला घातला असावा, आता इलाज नाही, असे डॉक्टरांना वाटे.

अशा वेळी एका सहकाऱ्याने सुचवले, की डॉ. ब्यर्न इब्सेन यांचा सल्ला घ्यावा. इब्सेन हे छत्तीस वर्षांचे डॉक्टर. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला भूल देणे, हे त्यांचे काम. साथीच्या रोगाशी भूल देणाऱ्या डॉक्टरचा काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात आला असता. परंतु ज्यांचे स्नायू औषधाने तात्पुरते शिथिल केले आहेत, अशा माणसांना शस्त्रक्रिया संपेपर्यंत श्वास देत राहणे, हे इब्सेन यांच्या रोजच्या कामातले होते. २५ ऑगस्ट रोजी त्यांना बोलावण्यात आले. मृत्यू पावलेल्या चार रोग्यांच्या शवचिकित्सेचे अहवाल त्यांनी वाचले. त्यांच्या फुप्फुसांत मृत्यू ओढवण्याइतका मोठा बिघाड इब्सेन यांना आढळला नाही.

फुप्फुसे चांगली आहेत, प्राणवायूही दिला जात आहे, तरी माणूस मरतो, हे कसे? हे कोडे उलगडण्यासाठी श्वासाच्या वाटेने, नाकापासून अगदी आतपर्यंत, जावयास हवे.

नाक हे केवळ वास घेण्याचे इंद्रिय नव्हे. तो श्वासमार्गाचा दरवाजा आहे आणि त्या दरवाजावर द्वारपालही बसलेले आहेत. नाकपुड्यांतील केस धुळीचे मोठे कण अडवतात. आतील ओलसर त्वचेवर एक चिकट स्राव सतत पाझरत असतो; बारीक धूळ व रोगजंतू त्याला चिकटून बसतात. ज्या शेंबडाच्या नुसत्या नावाने लोक नाक मुरडतात, तो असा उपयोगी आहे. नाकातून आत जाताना हवा गरम होते आणि ओलावतेही. पौषातील पहाटेची थंडगार, कोरडी हवासुद्धा खाली पोहोचेपर्यंत जवळजवळ शरीराच्या उष्णतेची झालेली असते. तोंडाने श्वास घेणाऱ्याला ही सेवा पुरती मिळत नाही, म्हणून त्याचा घसा कोरडा पडतो.

नाकाच्या मागे घसा. येथे शरीररचनेतील एक मोठी अडचणीची जागा आहे. हवेची वाट आणि अन्नाची वाट येथे एकमेकींना छेदतात. हवा वरून, नाकाच्या मागच्या बाजूने येते आणि तिला पुढच्या नळीत जावयाचे असते. घास पुढून, तोंडातून येतो आणि त्याला मागच्या नळीत जावयाचे असते. रेल्वेच्या फाटकाजवळ गाडीच्या वेळी रस्ता बंद करतात, तशीच व्यवस्था येथे आहे. घास गिळण्याच्या क्षणी स्वरयंत्र वर उचलले जाते, त्याचे तोंड मिटते आणि पानाच्या आकाराचे एक लवचीक झाकण त्यावर कलते. या झाकणाला अधिस्वरद्वार म्हणतात. त्या क्षणापुरता श्वास थांबतो. कोणालाही एकाच वेळी गिळता आणि श्वास घेता येत नाही. जेवताना हसू नये, बोलू नये, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात, ते यासाठीच. फाटक चुकीच्या वेळी उघडले, की भाताचे शीत हवेच्या नळीत उतरते आणि जोराचा ठसका त्याला बाहेर फेकतो.

कोपनहेगनच्या पुष्कळ रोग्यांच्या घशाचे स्नायू लुळे पडले होते. त्यांना गिळता येत नव्हते आणि ठसकाही येत नव्हता. फाटक उघडे, आणि रखवालदार नाही. तोंडातील लाळ थेंबाथेंबाने हवेच्या नळीत उतरे आणि कोरड्या खाटेवर पडलेला रोगी जणू पाण्यात बुडत असे.

स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिका सुरू होते. मोठ्या माणसात तिची लांबी दहा ते बारा सेंटिमीटर असते. मानेच्या पुढच्या बाजूस, गळ्याच्या खळगीच्या किंचित वर हळूच बोट फिरवले, तर आडव्या कड्यांची एक रांग हाताला लागते. ही कडी हाडांहून मऊ अशा कूर्चेची असतात. त्यांच्यामुळे नळी चिमटून बंद होत नाही. परंतु ही कडी पूर्ण वाटोळी नसून घोड्याच्या नालेसारखी मागे उघडी असतात. मागे लागूनच अन्ननलिका आहे. मोठा घास खाली उतरताना तिला थोडी फुगण्यास जागा मिळावी, अशी ही रचना आहे.

छातीत उतरल्यावर श्वासनलिकेच्या दोन शाखा होतात. त्यांना श्वसनी म्हणतात. एक उजव्या फुप्फुसात जाते, एक डाव्या. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड आहेत, डाव्याचे दोनच. डाव्या बाजूला हृदयाला जागा द्यावी लागते, म्हणून ते फुप्फुस आकाराने लहान असते. फुप्फुसात शिरल्यावर प्रत्येक शाखेच्या दोन उपशाखा, त्यांच्या पुन्हा दोन, अशा सुमारे तेवीस वेळा फांद्या फुटतात. मुळे वर आणि फांद्या खाली अशा उलट्या वृक्षासारखे हे दृश्य असते. मोठ्या वाटांच्या आतील बाजूस अतिसूक्ष्म केसांचे आवरण असून ते केस शेतातील पिकाप्रमाणे डुलत असतात. अडकलेली धूळ व चिकट स्राव ते सतत वर, घशाकडे ढकलतात. तंबाखूच्या धुराने प्रथम हे केस लुळे पडतात. विडी ओढणाऱ्याच्या सकाळच्या खोकल्याचे हेच एक कारण आहे.

अखेरच्या फांद्यांच्या टोकांना द्राक्षांच्या घोसाप्रमाणे बारीक बारीक पोकळ फुगे असतात. हे वायुकोश. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ते तीस कोटींहून अधिक असतात. सगळे उलगडून जमिनीवर पसरता आले, तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा, म्हणजे शाळेतील एका चांगल्या प्रशस्त वर्गाची जमीन, त्यांनी व्यापली जाईल. एवढी मोठी जागा छातीच्या पिंजऱ्यात घडी घालून ठेवलेली आहे! वायुकोशांभोवती केसाहून कितीतरी बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे असते. एका बाजूस हवा, दुसऱ्या बाजूस रक्त आणि दोहोंमध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असा पडदा. या पडद्यातून हवेतील प्राणवायू रक्तात जातो. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू हवेत येतो. जो वायू जेथे दाटलेला आहे, तेथून तो विरळ असलेल्या ठिकाणी जातो; या देवघेवीला दुसरी कोणतीही शक्ती लागत नाही. आत जाणाऱ्या हवेच्या शंभर भागांत सुमारे एकवीस भाग प्राणवायू असतो. बाहेर येणाऱ्या हवेत तो सोळाच्या आसपास उरतो आणि कार्बन डायऑक्साइड, जो आत जाताना नगण्य होता, तो सुमारे चार भाग झालेला असतो.

हा दुसरा वायू येतो कोठून? शरीरातील प्रत्येक पेशी अन्नाचे मंद ज्वलन करून शक्ती मिळवते. ज्वलनाला प्राणवायू लागतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. चूल पेटती राहण्यासाठी तिला वारा हवा, हे सर्वांना ठाऊक आहे; परंतु घरात धुराडेही हवे, हे धूर कोंडल्यावरच आठवते. श्वासोच्छ्वासाची कामे अशी दोन आहेत. वारा घालणे हे एक आणि धूर बाहेर काढणे हे दुसरे. लोक बहुधा पहिल्याचीच चर्चा करतात. कोपनहेगनच्या कोड्याचे उत्तर मात्र दुसऱ्यात दडले होते.

तेथे पोहोचण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. फुप्फुसे स्वतः श्वास घेत नाहीत. त्यांना स्वतःहून फुगता येत नाही, कारण त्यांना फुगवील असा स्नायू त्यांच्यात नाही. लोहाराचा भाता पाहिला, तर ही गोष्ट चटकन कळते. भात्यात हवा कोणी कोंबत नाही. लोहार भात्याच्या फळ्या एकमेकींपासून दूर करतो, आतली पोकळी वाढते आणि बाहेरची हवा आपोआप आत धावते. छातीचेही तसेच आहे. छाती आणि पोट यांच्या मध्ये घुमटाच्या आकाराचा एक मोठा स्नायू आडवा पसरलेला आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. तो आकुंचन पावला, की घुमट खाली दबून सपाट होतो. त्याच वेळी फासळ्यांमधील स्नायू फासळ्यांना वर व बाहेर उचलतात. छातीची पोकळी वाढते. फुप्फुसांवर दुपदरी आवरण असून त्याच्या दोन पदरांत द्रवाचा पातळ थर असतो. ओल्या केलेल्या दोन काचा एकमेकींना चिकटल्या म्हणजे सरकतात, पण सुटत नाहीत; त्याचप्रमाणे फुप्फुसे छातीच्या भिंतीला धरून असतात. भिंत बाहेर गेली, की तीही ताणली जातात आणि हवा आत येते. स्नायू सैल पडले, की ताणलेली फुप्फुसे रबराप्रमाणे आपोआप आक्रसतात आणि हवा बाहेर जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाला श्वास घेण्यासाठी कष्ट लागतात, सोडण्यासाठी लागत नाहीत.

हा भाता हलवण्याची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातून सुटते आणि मज्जारज्जू व मज्जातंतू यांच्या वाटेने स्नायूंना पोहोचते. माणूस झोपला तरी ती थांबत नाही. विशेष असे, की हे केंद्र मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवून असते. हॉल्डेन आणि प्रीस्टली या दोन शास्त्रज्ञांनी १९०५ साली हे प्रयोगांनी दाखवून दिले. श्वास कोंडून धरला, की थोड्याच वेळात जीव कासावीस होतो. तेव्हा प्राणवायू संपलेला नसतो, धूर साचलेला असतो.

पोलिओच्या रोग्यांत आज्ञेची वाटच तुटली होती. भाता शाबूत, फळ्या शाबूत. लोहाराचा हात तेवढा लुळा पडलेला.

मग त्यांची कांती गुलाबी कशी राहत होती? यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. मोठा माणूस स्वस्थ असताना एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यांपैकी सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या यांतच राहते. वायुकोशांपर्यंत पोहोचते ती ३५० मिलिलिटर. मिनिटाला दहा श्वास धरले, तर ५००० मिलिलिटर हवा आत गेली आणि त्यांपैकी ३५०० कामाला आली. आता स्नायू दुबळे झालेला माणूस घ्या. तो धापा टाकतो, पण प्रत्येक धाप उथळ. एका श्वासात २०० मिलिलिटर आणि मिनिटाला २५ श्वास धरले, तर एकूण हवा तेवढीच, ५००० मिलिलिटर. परंतु वाटेतील १५० मिलिलिटर प्रत्येक वेळी वजा करावे लागतात. वायुकोशांना दर श्वासाला ५० आणि मिनिटाला केवळ १२५० मिलिलिटर हवा मिळते. पाहणाऱ्याला वाटते, रोगी भराभर श्वास घेत आहे; प्रत्यक्षात तो हवा केवळ दारात आतबाहेर करीत असतो.

आता या रोग्याला साध्या हवेऐवजी भरपूर प्राणवायू दिला, तर जी थोडी हवा आत पोहोचते, तीत प्राणवायू पुरेसा असतो. म्हणून रक्त लाल राहते, कांती गुलाबी दिसते. परंतु कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्यास हवेची ये-जाच हवी. ती नसल्याने तो रक्तात साठत जातो. घाम, चढलेला रक्तदाब, हरपलेली शुद्ध ही सारी त्याचीच चिन्हे. वारा मिळत होता. धुराडे बंद होते. रोग्यांच्या रक्ताच्या तपासणीतही या वायूपासून बनणाऱ्या पदार्थाचे प्रमाण वाढलेले दिसत होते, पण त्याचा अर्थ डॉक्टरांनी वेगळा लावला होता. इब्सेन यांनी सांगितले, की ही माणसे मेंदूच्या रोगाने मरत नाहीत. त्यांना पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून मरत आहेत. शब्दांनी पटणारी ही गोष्ट नव्हती. ती करून दाखवण्याची संधी त्यांना देण्यात आली.

२७ ऑगस्टला एक बारा वर्षांची मुलगी निवडण्यात आली. तिचे चारही हातपाय लुळे पडले होते. ती गुदमरत होती आणि आपल्याच लाळेत बुडत होती. ती वाचेल, अशी कोणालाच आशा नव्हती. तिच्या मानेच्या पुढच्या बाजूस, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला छेद देण्यात आला आणि त्यातून एक नळी आत बसवण्यात आली. नळीभोवती फुगवता येणारे एक कडे होते. त्यामुळे वरची लाळ खाली उतरत नव्हती आणि खाली दिलेली हवा वर निसटत नव्हती. फाटकाचा प्रश्न फाटकाला वळसा घालून सुटला. नळीला एक रबरी पिशवी जोडली होती आणि ती हाताने दाबून हवा आत द्यावयाची होती.

परंतु हवा आत जाईना. मुलगी घाबरून तडफडत होती, तिच्या श्वासवाटा आवळल्या होत्या आणि तिची प्रकृती पाहता पाहता ढासळली. इब्सेन यांनी तेव्हा जे केले, त्याला मोठे धैर्य हवे. त्यांनी तिला झोप आणणारे औषध टोचले. तिची धडपड थांबली; तिचा स्वतःचा उरलासुरला श्वासही थांबला. त्या क्षणापासून तिचे प्राण सर्वस्वी त्यांच्या हातांत आले. त्यांनी पिशवी दाबली. आता हवा आत गेली, छाती उचलली गेली. पिशवी सैल सोडली, हवा बाहेर आली. पुन्हा दाबली. हळूहळू घाम आटला, रक्तदाब उतरला. कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे उपकरण जोडलेले होते. त्यावरील आकडाही खाली आला. मग पुरावा पक्का करण्यासाठी पिशवी बाजूला ठेवून तिला पुन्हा छातीवरच्या जुन्या यंत्राच्या स्वाधीन करण्यात आले. प्राणवायू चालूच होता. तरी लवकरच तीच लक्षणे परत दिसू लागली. पिशवी पुन्हा हातात घेताच ती निवळली.

आता सर्वांची खात्री पटली. परंतु खात्रीने नवीच अडचण उभी केली. रोगी अनेक होते. पिशव्या, नळ्या, प्राणवायू यांची व्यवस्था करता येईल. हात कोठून आणावयाचे? रोग्याचे स्नायू तासाभराने किंवा दिवसभराने सुधारणारे नव्हते. आठवडे, कदाचित महिने, दिवसरात्र पिशवी दाबावी लागणार होती, आणि ती दाबणाऱ्याला क्षणभरही डुलकी घेता येणार नव्हती.

हे हात वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दिले. पुढे दंतवैद्यकाचे विद्यार्थीही आले. एकूण सुमारे १५०० तरुणतरुणींनी हे काम केले. सहा-सहा, आठ-आठ तासांच्या पाळ्या लागल्या. एका वेळी सत्तरपर्यंत रोगी असे हाताने दिलेल्या श्वासावर जगत होते. मिनिटाला पंधरा श्वास धरले, तरी तासाला नऊशे आणि सहा तासांत पाच हजार चारशे वेळा पिशवी दाबावी लागे. ती फार जोराने दाबून चालत नसे, फार हलकेही चालत नसे. छाती किती उचलली जाते, तिकडे डोळे लावून बसावे लागे. नाकाचे काम बाजूला पडल्यामुळे हवा ओलसर करून द्यावी लागे, आणि ठसका येत नसल्यामुळे नळीत साचणारा स्राव मधून मधून ओढून काढावा लागे. शरीर जी कामे न सांगता करते, त्यांची यादी केवढी मोठी आहे, हे त्या खोल्यांत बसणाऱ्यांना पुरेपूर कळले.

रोगी जागे असत, पण बोलू शकत नसत. आवाज निघतो तो स्वरयंत्रातील पट्ट्यांवरून हवा जाते म्हणून. येथे हवा खालच्या नळीतूनच ये-जा करीत होती. मुलांचे ओठ हलत, शब्द उमटत नसे. विद्यार्थी त्या हालचालींवरून शब्द ओळखावयास शिकले. ते त्यांना गोष्टी वाचून दाखवीत. एका हाताने पुस्तक, दुसऱ्या हाताने पिशवी. सगळी मुले वाचली नाहीत. ज्या खाटेजवळ काल बसलो होतो ती आज रिकामी आहे, असे पाहण्याचा प्रसंग अनेक विद्यार्थ्यांवर आला; आणि तरीही ते दुसऱ्या खाटेजवळ जाऊन बसले. त्यांतील कित्येकांचे वय विशीच्या आसपास होते.

या हातांनी केलेले काम एकूण सुमारे १,६५,००० तासांचे भरले. पूर्वी अशा रोग्यांपैकी दर शंभरांत सुमारे ८७ मरत. हे प्रमाण साथ संपेपर्यंत निम्म्याच्याही पुष्कळ खाली आले. ती बारा वर्षांची मुलगी वाचली. तिचे हातपाय आणि श्वासाचे स्नायू मात्र पूर्ववत झाले नाहीत. यंत्राच्या मदतीने ती १९७१ पर्यंत जगली.

लोखंडी फुप्फुस नावाचे यंत्र का अपुरे पडले, हेही आता समजण्याजोगे आहे. रोग्याला मानेपर्यंत एका पेटीत ठेवून, पेटीतील हवा काढून घेऊन ते त्याची छाती बाहेरून ओढत असे. म्हणजे ते भात्याच्या फळ्याच ओढत होते. निसर्गाची रीत तीच होय. परंतु घशातील उघड्या फाटकावर त्याच्याजवळ उपाय नव्हता. रबरी पिशवीची रीत निसर्गाच्या उलट. ती हवा ओढत नाही, ढकलते. पण नळीतून ढकलते, आणि नळी घशाच्या खालून आत गेलेली असते.

पुढे हाताचे काम यंत्राने करण्याचा प्रयत्न सुरू झाला. स्वीडनमधील एंगस्ट्रॉम यांनी बनवलेले यंत्र ठरावीक वेळाने ठरावीक हवा आत ढकलत असे. त्याच्या धर्तीची यंत्रे युरोपातील रुग्णालयांत आली. डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्या दुसऱ्या एका रुग्णालयात असा विभाग उघडला, की जेथे श्वास किंवा रक्ताभिसरण कोलमडलेल्या रोग्यांवर रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले जाई. आज मोठ्या रुग्णालयांत जो अतिदक्षता विभाग असतो, त्याचा आरंभ पुष्कळजण येथून मानतात. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतही सर्वांच्या तोंडी झाला. त्या यंत्राची ही पूर्वकथा होय. पोलिओचे भय मात्र त्यापूर्वीच सरले होते. १९५५ साली पोलिओची पहिली लस उपयोगात आली, पुढे तोंडाने देण्याची लस निघाली, आणि २०१४ च्या मार्च महिन्यात भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

रबरी पिशवी मात्र अजून गेलेली नाही. कोपनहेगनमधील पिशवी फुगण्यासाठी वायूचे नळकांडे जोडावे लागे. १९५६ साली डेन्मार्कमध्येच अशी पिशवी निघाली, की जी दाबून सोडली म्हणजे स्वतःच फुगते आणि बाहेरची हवा आत ओढून घेते. लोहाराचा भाताच तो, मुठीत मावणारा. तिचे नाव अँबू. अपघाताच्या जागी धावत येणाऱ्या रुग्णवाहिकेत ती असते. आणि वीज गेली, यंत्र बंद पडले किंवा रोग्याला एका खोलीतून दुसरीकडे न्यावयाचे असले, म्हणजे परिचारिका ती उचलते, नळीला जोडते आणि रोग्याच्या छातीकडे पाहत दाबू लागते.